डाळिंबाच्या बियांचे तेल आणि आपला विवेक

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आटपाडी तालुक्यातील एका गावी देवळाच्या सभामंडपात पंचवीस-तीस डाळिंब बागाईतदार जमले होते. निवृत्तीनंतर रिकामा वेळ पुष्कळ असल्यामुळे आम्हीही तेथे जाऊन बसलो. बाहेरगावाहून आलेल्या एका गृहस्थांनी एक बोटभर उंचीची बाटली सर्वांच्या हातून फिरविली. तीत डाळिंबाच्या बियांचे तेल होते. हे तेल मधुमेहावर चालते, गाठीवर चालते, लठ्ठपणा घालविते व परदेशी ते औंसाच्या मापाने विकले जाते, असे त्यांनी सांगितले. पुढे ते म्हणाले की, तेल्या रोगाने डागाळलेली जी फळे आपण खड्ड्यात पुरतो, त्यांच्या बियांतूनही हेच तेल निघते. सबब गावाने भागभांडवल जमवून घाणा उभारावा, म्हणजे टाकाऊ मालाचे सोने होईल.

आमच्या भावकीतील एक तरुण, ज्याची चार एकरांची बाग सलग दोन हंगाम तेल्याने गेली आहे, तो परतताना वाटेत आम्हांस म्हणाला, "तात्या, पंचनाम्यात तुम्ही 'निरुपयोगी' असं लिवत होता. त्याच बियांचं आता सोनं होतंया. घरातलं डाग मोडून भाग घ्यावा म्हणतोय."

हे वाक्य आमच्या मनास लागले. महसूल खात्यात कारकुनी करीत असता माणदेशातील बागांच्या नुकसानीचे कागद आम्ही स्वहस्ते लिहिले आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकात तेल्याने सांगली, सातारा व सोलापूर जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात जो कहर केला, त्याचे तक्ते आमच्या टेबलावरून गेले. फळावर प्रथम तेलकट डाग, मग काळी चिरीव भेग आणि शेवटी शेणखतालाही न चालणारा ढीग. त्या ढिगासमोर उभा असलेला शेतकरी काही बोलत नसे व आम्ही 'निरुपयोगी' हा शब्द लिहून पुढील गट क्रमांकाकडे वळत असू. तेव्हा तो शब्द चुकीचा होता काय, हे तपासून पाहणे आमचे कर्तव्य आहे असे वाटले. मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले, घरी थोडे वजनमापही केले. त्यातून जे मत बनले ते संघाच्या सभासदांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या गृहस्थांच्या बोलण्यात जे खरे होते ते मान्य करू. डाळिंबाच्या वाळलेल्या बियांत शेकडा सुमारे १२ ते २० भाग तेल असते, हे खरे. त्या तेलाचा मोठा भाग, बहुधा शेकडा ६५ ते ८०, हा 'प्युनिसिक अम्ल' नावाच्या एकाच मेदाम्लाचा असतो, हेही खरे. हे अम्ल शेंगदाण्यात नाही, करडईत नाही, सोयाबीनमध्येही नाही. आपल्या परिचयातील इतर वनस्पतींपैकी पडवळाच्या कुळातील काही वेलींच्या बियांत ते सापडते, आणि कारल्याच्या बियांत त्याचा जवळचा भाऊबंद असतो. म्हणजे वस्तू असामान्य आहे, यात शंका नाही. परंतु असामान्य वस्तू औषधी असतेच असे नाही. तिचे आपल्या पोटात काय होते, हे पाहिल्यावाचून तिची किंमत ठरविणे म्हणजे सातबारा न पाहता जमिनीचे खरेदीखत करणे होय.

तेल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगावयास पाहिजे. प्रत्येक तेलाच्या कणात तीन मेदाम्लांच्या साखळ्या एका मुठीत धरलेल्या असतात. या साखळ्या कोठे आखूड, कोठे लांब असतात. आपल्या नेहमीच्या तेलांतील बहुतेक साखळ्या अठरा कड्यांच्या होत. कड्यांना जोडणारे काही दुवे एकेरी व काही दुहेरी असतात. दुहेरी दुवे किती व कोणत्या जागी, यावर तेलाचा सारा स्वभाव अवलंबून असतो. जवसाच्या तेलातील मुख्य अम्लात तीन दुहेरी दुवे नवव्या, बाराव्या व पंधराव्या जागी, मध्ये अंतर ठेवून असतात. डाळिंबाच्या बियांतील अम्लातही साखळी अठरा कड्यांचीच व दुहेरी दुवे तीनच, परंतु ते नवव्या, अकराव्या व तेराव्या जागी, म्हणजे एकाआड एक, लागून बसलेले असतात. एवढ्याशा जागेच्या फरकाने वस्तू बदलते.

आपण तेल खातो तेव्हा लहान आतड्यात पित्त त्याचे बारीक थेंब करते आणि स्वादुपिंडाचा रस त्या मुठीतील बाजूच्या दोन साखळ्या सोडवितो. आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या लवेप्रमाणे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांवरील पेशी या सुट्या साखळ्या आत ओढून घेतात. या पेशी फार अल्पायुषी, दर तीन-पाच दिवसांनी नव्या होणाऱ्या, पण त्यांचे काम मोठ्या कारखान्याचे आहे. आत घेतलेल्या लांब साखळ्या त्या पुन्हा तीन-तीनांच्या मुठीत बांधतात, त्यांवर प्रथिनाचे वेष्टन चढवितात आणि हे गाठोडे लसिकावाहिनीच्या वाटेने पाठवून देतात. ही वाट यकृतास टाळून छातीतून वर चढते व मानेजवळच्या मोठ्या शिरेत रक्तास मिळते. आखूड साखळ्यांची गोष्ट निराळी. त्या गाठोड्यात न बांधल्या जाता सरळ रक्तातून यकृताकडे जातात. म्हणून ज्यांचे पित्त वा स्वादुपिंड दुबळे असते अशा रोग्यांस डॉक्टर आखूड साखळ्यांचे तेल देतात.

तेव्हा 'तेल म्हणजे तेल, पोटात गेले की सारखेच' हा समज खरा नाही. याचा दाखला घरोघरी आहे. एरंडेलही तेलच, परंतु ते घेतले की काय होते हे लहान मुलासही ठाऊक आहे. एरंडेलातील मुख्य अम्ल आतड्यात सुटे झाले की तेथील पेशींवरील एका विशिष्ट ग्राहकास जाऊन लागते व आतड्यास ढवळून काढते. ही यंत्रणा जर्मनीतील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिली. आपल्या आज्यांना कारण ठाऊक नव्हते, पण परिणाम ठाऊक होता.

आता डाळिंबाच्या अम्लाचे काय होते? येथे शास्त्रज्ञांना जे आढळले ते आम्हांस अत्यंत मनोरंजक वाटले. जपानमधील तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी कारल्याच्या बियांत असणारे याच कुळाचे अम्ल उंदरांना दिले आणि २००४ पासूनच्या काही लेखांत असे दाखविले की, शरीरात त्याचा तेराव्या जागेवरचा दुहेरी दुवा एकेरी केला जातो. हे काम आतड्याच्या पेशींतच सुरू होते. पुढे बेल्जियममधील लूव्हेन येथील संशोधकांनी काचपात्रात वाढविलेल्या मानवी पेशींवर हेच पाहिले. त्या पेशी मूळच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून मिळविलेल्या, परंतु काचेत वाढल्यावर लहान आतड्याच्या अस्तराप्रमाणे वागणाऱ्या म्हणून जगभर वापरल्या जातात. त्या पेशींनीही डाळिंबाचे अम्ल आत घेतले व त्यातील काही भागाचे रूपांतर केले. चीनमध्ये निरोगी तरुण माणसांना पडवळाच्या कुळातील एका वेलीच्या बिया काही आठवडे खाऊ घातल्या गेल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मूळ अम्ल व त्याचे रूपांतर ही दोन्ही त्यांच्या रक्तात सापडली.

रूपांतर होऊन जे अम्ल बनते ते कोणते? ते म्हणजे 'रुमेनिक अम्ल'. गाई-म्हशी चरतात, रवंथ करतात, त्यांच्या कोटीपोटात सूक्ष्म जंतू चाऱ्यातील मेदाम्लांवर काम करतात. त्या कामातून व पुढे जनावराच्या स्वतःच्या शरीरातून हे अम्ल दुधात उतरते. हिरव्या चाऱ्यावर चरणाऱ्या जनावराच्या दुधात ते अधिक असते. म्हणजे आपल्या गोठ्यातील म्हशीच्या तुपात जे अम्ल अल्प प्रमाणात आहे, तेच अम्ल आपले आतडे डाळिंबाच्या बियांच्या तेलातून थोडेफार तयार करते. औंसाच्या मापाने विकल्या जाणाऱ्या त्या बाटलीचा शेवट काही अंशी आपल्याच तुपाच्या बरणीपाशी येतो, हे ऐकून आमच्या वाचकांना हसू यावे, पण निसर्गाची रीत अशीच आहे. जे दुर्मीळ म्हणून येते त्यास शरीर आपल्या ओळखीचे करून घेते.

यावरून कोणी म्हणेल की, तर मग तेल गुणकारी असलेच पाहिजे. येथेच सावध राहावयास पाहिजे. उंदरांवर व काचेतील पेशींवर या अम्लाचे चांगले परिणाम पुष्कळदा आढळले आहेत. परंतु माणसांवर झालेले प्रयोग थोडे, लहान व परस्परांशी न जुळणारे आहेत. मधुमेह बरा होतो किंवा गाठ विरघळते असे सांगण्यास त्यांत आधार नाही. रुमेनिक अम्लाच्या कुळातील मिश्रणे लठ्ठपणा घालविण्याच्या गोळ्या म्हणून विदेशात विकली गेली. त्यांनी वजनात फरक पडलाच तर अल्प पडला, आणि त्यांतील एका घटकाने शरीराची साखर हाताळण्याची शक्ती बिघडते की काय, अशी शंका उत्पन्न झाली. उंदराच्या पोटावरून माणसाच्या पोटाचे अनुमान करणे म्हणजे एका वाफ्याच्या पिकावरून सबंध गावची आणेवारी लावणे होय. तसे करणाऱ्या तलाठ्यास आमच्या काळी खुलासा द्यावा लागे.

शिवाय कायद्याची बाब आहे. कर्करोग, मधुमेह इत्यादी रोग बरे करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने मना आहे, आणि खाण्याचे तेल विकावयाचे तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे परवाना व तपासणी लागते. त्या सभेतील गृहस्थ आपले बोलून निघून जातील, पण बाटलीवर नाव असेल ते संघाचे किंवा गावच्या मंडळीचे. नोटीस त्यांच्याच पत्त्यावर येईल.

आता व्यवहार पाहू. आम्ही बाजारातून एक किलो भगव्या वाणाची फळे आणून घरी दाणे सोलले, रस काढला, बी धुऊन उन्हात वाळविले व सोनाराच्या काट्यावर तोलले. ते तीन तोळ्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे पस्तीस ग्रॅम भरले. आमचे मोजमाप शास्त्रीय नव्हे, पण हिशेबास पुरेसे आहे. या मापाने एक टन फळांतून पस्तीस किलो कोरडे बी निघेल. त्यात शेकडा पंधरा तेल धरले, तर सव्वापाच किलो तेल झाले. तेही सगळेच्या सगळे निघाले तर. घाण्याच्या पेंडीत काही तेल राहतेच. टनभर फळे सोलावयाची, रस गाळावयाचा, बी धुऊन वाळवावयाचे, ही मजुरी सव्वापाच किलो तेलावर बसवून पाहावी म्हणजे घाण्याचे स्वप्न किती महाग आहे हे कळेल. डॉ. चीमा यांनी १९३६ साली पुण्यास गणेशखिंड येथील बागेत 'गणेश' हा मऊ बियांचा वाण निवडला, तो खाणाऱ्याच्या दातांस बी लागू नये म्हणून. बियांच्या तेलाचा विचार त्या मागे नव्हता, आणि आजही आपल्या बागा टेबलावर खाण्याच्या फळासाठीच आहेत.

मात्र जेथे रस काढण्याचा धंदा आधीच चालू आहे, तेथे बी आयते उरते. तेथे सोलण्याची मजुरी रसाने भागविलेली असते. बियांच्या तेलास काही अर्थ असेल तर तो अशा रसशाळेच्या शेजारी, कुजलेल्या बागेच्या बांधावर नव्हे.

आणि कुजलेल्या फळांविषयी तर आमचे मत अगदी निश्चित आहे. तेल्याने भेगाळलेल्या फळात बुरशी शिरते. तशा फळाचे बी खाण्याच्या तेलास घेणे हे ग्राहकाच्या आरोग्याशी खेळणे आहे. डाळिंबाचे तेल तर मुळातच लवकर बिघडणारे आहे. दुहेरी दुवे लागून बसलेली तेले हवेतील प्राणवायू झटकन घेतात, म्हणूनच त्या जातीची तेले रंग-रोगणास वापरली जातात. असे तेल कढईत तापविणे किंवा उजेडात ठेवणे अयोग्य, मग मूळ बीच बुरसलेले असेल तर बोलावयासच नको. याहून मोठा धोका असा की, दहा गावांची रोगट फळे एका जागी आणून ढीग घातला, तर तेल्याचे जंतू पाण्याच्या शिंतोड्यांनी, क्रेटांनी, कात्र्यांनी व माणसांच्या हातांनी चांगल्या बागांत परत जातील. रोगट फळ बागेबाहेर काढून नष्ट करणे हा तेल्यावरील पहिला उपाय आहे. त्याच फळाला किंमत आली, तर ते नष्ट कोण करील? टाकाऊ मालाला भाव मिळाला म्हणून रोगाला आश्रय मिळावा, हा सौदा कोणाही बागाईतदारास परवडणार नाही.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. आमचा तो तरुण भावबंदच म्हणाला, "तात्या, तुम्ही पेन्शनवाले. तुम्हाला सावध ऱ्हायला काय जातंय? आम्ही नवं काय करायचंच न्हाय का?" त्यास आम्ही उत्तर दिले की, नवे अवश्य करावे. तासगावच्या द्राक्षबागाईतदारांनी बेदाणा केला म्हणून मंदीच्या वर्षीही त्यांच्या हाती काही उरते. परंतु बेदाण्यास खाणारा आधीपासून होता, तो वर्षभर टिकत होता, आणि त्यावर कोणतेही रोग बरे करण्याचे ओझे लादलेले नव्हते. तो चांगल्या द्राक्षांपासून केला जातो, कुजलेल्यांपासून नव्हे. या तिन्ही गोष्टी तेलाच्या बाटलीस लागू पडतात काय, एवढेच आमचे विचारणे आहे. त्यावर तो गप्प राहिला. डाग अजून मोडलेले नाहीत, एवढे आम्हांस ठाऊक आहे.

सबब संघाने पुढीलप्रमाणे करावे अशी आमची सूचना आहे. घाण्यासाठी भागभांडवल तूर्त गोळा करू नये. ज्या सभासदांकडे रस काढण्याचे काम चालते, त्यांच्याकडील निरोगी फळांचे वाळलेले बी एका हंगामापुरते जमवून त्याचे थोडे तेल काढावे. त्याचा नमुना राहुरीच्या कृषी विद्यापीठास किंवा सोलापूर येथे २००५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रास दाखवून सल्ला घ्यावा. खरेदीदार असेल तर त्याच्याकडून दर व प्रमाण लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनाचा काय उपयोग होतो, हे ज्यांनी कोर्टकचेरीची पायरी चढली आहे त्यांस सांगावयास नको. बाटलीवर रोगाचे नाव घालू नये. आणि तेल्याने गेलेले एकही फळ या कामास वापरणार नाही, असा ठराव प्रथम करावा व मगच पुढचा विषय घ्यावा.

आता त्या 'निरुपयोगी' या शब्दाविषयी. आम्ही पुन्हा विचार केला आणि आमचे मत असे झाले की, पंचनाम्यात तो शब्द लिहिण्यात आमची चूक झाली नव्हती. चूक झाली ती एवढीच की, तो शब्द लिहून आम्ही पुढच्या गटाकडे वळलो आणि पुढील बहर कोणता धरावा, छाटणीची कात्री कशी धुवावी, रोपे कोठून आणावीत, हे त्या शेतकऱ्यास कोणी सांगितले काय, याची चौकशी केली नाही. ते आमच्या कामात लिहिलेले नव्हते, हे खरे. पण मृग बहर सोडून हस्त बहर धरल्याने पावसातला तेल्या पुष्कळसा चुकतो, एवढे एक वाक्य त्या वेळी कोणी त्याच्या कानी घातले असते, तर ते त्या बाटलीतील तेलाहून मोलाचे ठरले असते.

असो. आपल्या आतड्यातील पेशी रोज नाना तऱ्हेची तेले पारखून घेतात. ओळखीचे असेल ते बांधून पुढे पाठवितात, अनोळखी असेल त्याचा एखादा दुवा बदलून ते आपल्या उपयोगाचे करतात, आणि हे सारे निमूटपणे, कोणाच्या भाषणास न भुलता. तीन-पाच दिवसांचे आयुष्य असलेल्या पेशीस जी पारख साधते, ती पिढ्यानपिढ्या माती पारखीत आलेल्या आम्हा शेतकऱ्यांस साधू नये, असे कसे होईल? देवळातील पुढील सभा पौर्णिमेस आहे. सभासदांनी घरातले डाग मोडण्यापूर्वी एक किलो डाळिंबाचे बी स्वतः तोलून पाहावे व मगच हात वर करावा, हीच विनंती.